धाकट्याने ताईचं गुलाबी जॅकेट घातलं तर?

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. मोठ्या बहिणीला आखूड झालेलं टोपीचं सुती जॅकेट त्याने उचललं आणि आता ते अंगावरून उतरवायला तयार नाही. रंग गुलाबी. सासूबाई म्हणतात, पोराला बायकी सवयी लागतील. नवरा म्हणतो, निळ्या रंगात बुडवू या, म्हणजे वाद मिटला. मला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नाही, पण बालवर्गात कुणी ‘मुलीचं जॅकेट’ म्हणून चिडवलं तर? काय करावं?
– एक आई

उत्तर : तुम्ही सगळं लिहिलंत, पण जॅकेटला खिसे आहेत की नाहीत ते राहिलं. मी लहान मुलांचे कपडे शिवते, त्यामुळे माझं लक्ष आधी तिकडे जातं. चार वर्षांचं पोर एखाद्या कपड्याला चिकटून बसतं त्यामागे बऱ्याचदा साधी कारणं असतात. धुऊन धुऊन कापड मऊ झालेलं असतं, चेन स्वतःला लावता येते आणि मुख्य म्हणजे ते ताईचं असतं! एकदा त्यालाच विचारा, काय आवडतं म्हणून. ‘रंग’ म्हणाला तरी बिघडलं नाही.

सासूबाईंना एक सांगा, वाद घालायला नव्हे, गंमत म्हणून. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा 1884 मधला, अडीच वर्षांचे असतानाचा फोटो आहे. पांढरा झगा, खांद्यापर्यंत केस. तेव्हा तिकडे मुलगा असो की मुलगी, लहानपणी झगाच घालत. पांढराच का, तर उकळून, ब्लीच करून स्वच्छ निघतो; लंगोटाच्या वयात आणखी काय हवं! पुढे 1918 साली तिथल्याच बालकपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने सल्ला दिला की गुलाबी मुलग्यांना द्यावा, कारण तो ठसठशीत. निळा नाजूक, म्हणून मुलींना. आजच्या नेमकं उलट. मुलग्यांना निळा, मुलींना गुलाबी ही वाटणी पक्की झाली ती त्यानंतरच. आणि ती विकणाऱ्याच्या फायद्याची आहे. थोरलीचे कपडे धाकट्याला चालले, तर दुसरा जोड कोण घेणार?

चिडवण्याची तुमची काळजी मात्र खरी आहे. साधारण तीन वर्षांचं मूल ‘मी मुलगा’, ‘मी मुलगी’ असं सांगायला लागतं, पण कपडे किंवा केस बदलले म्हणून मुलगा मुलगी होत नाही, हे नीट उमजायला सहा-सात वर्षं उजाडतात. तोवर ‘फ्रॉक घातला की मुलगी’ असाच त्यांचा हिशेब. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सात महिने ते पाच वर्षांच्या मुलांपुढे वस्तूंच्या जोड्या ठेवल्या होत्या, त्यातली एक गुलाबी. दोन वर्षांच्या सुमारास मुली गुलाबी जास्त उचलू लागल्या आणि मुलगे ती टाळू लागले. त्याहून लहान मुलांत असं काही नव्हतं. तेव्हा वर्गातलं कुणी बोललंच, तर त्यात खोडी कमी आणि नियम नुकताच शिकल्याचा उत्साह जास्त. तुमच्या लेकाला एक वाक्य शिकवून ठेवा : “ताईचं होतं, आता माझं आहे.” घरी दोन-तीनदा म्हणवून घ्या. बाईंच्याही कानावर घाला. एवढं करूनही एखाद्या दिवशी त्याने स्वतःच ‘नको’ म्हटलं, तर मुकाट्याने दुसरं जॅकेट द्या. आपली मतं सिद्ध करायला पोराला पुढे करू नये.

रंगापेक्षा मला कपडे बेतण्याच्या पद्धतीचा राग येतो. मुलींच्या विभागातली पँट उलटीपालटी करून बघा. कापड पातळ, मांडीला तंग, आणि खिशाच्या जागी नुसती टीप मारलेली. दगड, पिसं, खडू ठेवायचे कुठे तिने? मुलग्यांच्या पँटला तेच खिसे खोल, गुडघ्याला जादा कापड. तुमच्या लेकीसाठी जमेल तेव्हा मुलग्यांच्या विभागातून घ्या, कुणाला कळतही नाही. पोहण्याच्या कपड्यांत तर भडक गुलाबी किंवा नारिंगीच घ्या, दोघांनाही. निळा पोशाख तलावाच्या पाण्यात दिसेनासा होतो.

राहिला तुमच्या यजमानांचा उपाय. फिकट निळा टाकलात तर गुलाबीवर बसून जांभळा होईल. गडद निळा सुती कापडावर चढेल, पण तयार कपड्यांची शिलाई बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने असते, चेनची पट्टीही पॉलिएस्टरची. सुती कापडाचा रंग ते घेत नाहीत. म्हणजे जॅकेट निळं, आणि शिवणी नि चेन चांगल्या उठून दिसतील अशा गुलाबी. त्यांना चालत असेल तर खुशाल बुडवा, पण आधी जॅकेटच्या मालकाला विचारून.