जहाजावर जाऊ पाहणाऱ्या लातूरच्या लेकीस

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

बारावीनंतर मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतेस, हे वाचून बरं वाटलं. बाबांची हरकतही कळली. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या पोरीचा समुद्राशी काय संबंध, असं ते म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांच्याच कृषी सेवा केंद्रातल्या थप्प्या एकदा बघ. पोटॅश खत आपल्याकडं जवळपास सगळं बाहेरून येतं, डीएपी खताचंही बरंचसं तसंच. लातूरच्या डाळ मिलमध्ये आपल्या तुरीबरोबर मोझांबिक आणि म्यानमारचीही तूर भरडली जाते. आईच्या तेलाच्या डब्यात पामतेल असलं तर ते इंडोनेशिया नाहीतर मलेशियाचं. संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या मोटारसायकली आफ्रिकेत जातात, त्याही बोटीनंच. देशाच्या परदेशी व्यापारातला वजनानं सुमारे ९५ टक्के माल समुद्रावरून ये-जा करतो.

पण हा माल कुणाच्या जहाजांतून येतो? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आपल्या परदेशी व्यापारातला ४० टक्क्यांच्या आसपास माल भारतीय जहाजं वाहत होती. आता एक दशांशही वाहत नाहीत. बाकीचं सगळं भाड्याच्या जहाजांवर, आणि भाडं डॉलरमध्ये. परदेशात कर्ज स्वस्त, कर कमी, म्हणून मालक जहाजाची नोंदणी पनामा, लायबेरियात करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, हिशोब तसाच आहे. मला खटकतं ते एवढंच, की आपल्याकडं या गोष्टीची चर्चा बंदराच्या फाटकाबाहेर येतच नाही.

स्वतःच्या जहाजांची किंमत अडचणीच्या दिवसांत कळते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. युरोपला जाणाऱ्या बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडी आणि विमा दोन्ही चढले. अशा वेळी परक्या मालकाला 'आमचं खत आधी आण' असं सांगायचा हक्क कुणालाच नसतो. १९८२ साली अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश सरकारनं आपल्या व्यापारी बोटी, अगदी प्रवासी बोटीसुद्धा, ताब्यात घेऊन कामाला लावल्या. त्या ताब्यात घेता आल्या, कारण त्यांच्यावर ब्रिटनचा झेंडा होता.

हे ओळखणारा माणूस आपल्यापासून फार लांबचा नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांनी आणि नरोत्तम मोरारजींनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून 'लॉयल्टी' ही बोट घेतली, सिंधिया कंपनी काढली, आणि ५ एप्रिल १९१९ ला ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना जेरीस आणायचे सगळे प्रयत्न केले. राष्ट्रीय सागरी दिवस ५ एप्रिलला असतो तो त्या पहिल्या फेरीमुळं. आणि सोलापूरलाही समुद्र नाही, हे बाबांना हळूच सांग.

जहाजं कमी, तरी माणसं मात्र आपली भरपूर. जगातल्या दर दहा दर्यावर्दींत साधारण एक भारतीय. २६ मार्च २०२४ ला अमेरिकेत बाल्टिमोरचा पूल ज्या 'डाली'च्या धडकेनं पडला, तिच्यावर झेंडा सिंगापूरचा आणि खलाशी जवळपास सगळे भारतीय. वीज गेल्यावर जहाजावरून इशारा वेळेत गेला, म्हणून पोलिसांना पुलावरच्या गाड्या थोपवता आल्या. पुढं त्यातले बरेच खलाशी कित्येक आठवडे त्याच जहाजावर अडकून पडले. घरी बसलेल्यांना हे कळत नाही. कोविडमध्येही कंत्राट संपून गेलेले लाखो लोक जगभर बोटींवरच होते, कारण त्यांना उतरवून घ्यायला बंदरं तयार नव्हती.

कामाबद्दल इंटरनेटवर जे व्हिडिओ बघतेस, ते सूर्यास्ताचे असतात. मी डेकवरचा माणूस, इंजिनातला नव्हे, म्हणून होल्ड, म्हणजे माल भरायची कोठारं, धुण्याचं सांगतो. सुटा माल नेणाऱ्या बल्क कॅरियरनं खत उतरवलं आणि पुढं धान्य भरायचं असलं, की वाटेतच सगळे होल्ड धुवायचे. आधी झाडलोट, मग समुद्राच्या पाण्याचे फवारे, शेवटी गोडं पाणी. लोखंडी फासळ्यांच्या मागं मूठभर युरिया चिकटून राहतो, तो शिडीवर चढून खरवडायचा. बंदरात सर्व्हेअर येतो आणि भिंतीवरून नुसता हात फिरवतो. हाताला काही लागलं तर होल्ड नापास, आणि जहाज भाडं बुडवत उभं. कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून तुझे पहिले महिने असल्याच कामात जातील, नाहीतर गंज ठोकण्यात. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, सांगेल ते शिक. पुस्तकात नसलेलं बरंच त्याच्याकडं असतं.

पैसे भरायच्या आधी डोळे तपासून घे, तेही डीजी शिपिंग, म्हणजे जहाज वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, मान्यताप्राप्त डॉक्टरकडून. रंगांधळेपणा निघाला तर डेकचा रस्ता बंद, मग फी गेली ती गेली. डेकच्या अधिकाऱ्यांच्या डिप्लोमा इन नॉटिकल सायन्सला आयएमयूची, म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची, सीईटी लागते, शिवाय बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के. लातूर पॅटर्नमध्ये इंग्रजीकडं दुर्लक्ष होतं, तेवढं सांभाळ.

आणि एजंट. मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांनी जमीन गहाण टाकून 'थेट जहाजावर' नोकरीसाठी लाखो रुपये दिले, आणि हातात आलं बनावट सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक. नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेणं हाच गुन्हा आहे. कंपनीकडं खलाशी भरतीचा आरपीएसएल परवाना आहे का, हे डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर दिसतं. पैसे मागितले की तिथूनच उठायचं, मग माणूस गावचा असो की नात्यातला.

बायका या धंद्यात अजून थोड्या आहेत. मुलाखतीला गेलीस की कंपनीत किती मुली आहेत आणि एका जहाजावर दोघींना एकत्र पाठवतात का, हे निःसंकोच विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी कंपनी बघ. सरकारी शिपिंग कॉर्पोरेशनची कॅडेटशिप निघाली तर अर्ज नक्की कर. परदेशी झेंड्याखाली जावं लागलं तरी मनाला लावून घेऊ नकोस, काम तेच असतं.

सगळे कागद घेऊन बाबांसोबत ये. त्यांच्या शंका त्यांनाच विचारू दे, मधे बोलू नकोस.

तुझा काका