मिनर्व्हाच्या हत्तीजवळचं दार

प्रिय ब्रदर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बिशप तुला रोमला, पोपचे राजदूत तयार करणाऱ्या अकादमीत पाठवू बघताहेत आणि तुझा जीव अडकलाय पॅरिशमध्ये, एखाद्या चर्चच्या लोकांत राहून काम करण्यात. 'फायली हलवायला धर्मगुरू व्हायचं का?' प्रश्न रास्त आहे. तिथे जायची तुला हौस नाही, हे मला तरी बरंच वाटलं.

रोमला कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, शिकत असताना मी त्या दारावरून रोज जायचो. पँथिऑनजवळ मिनर्व्हाचा चौक आहे. तिथे बर्निनीच्या आराखड्यावरून घडवलेला दगडी हत्ती पाठीवर इजिप्तचा स्तंभ घेऊन उभा आहे. त्याच चौकात 1701 साली स्थापन झालेली ही अकादमी. गर्दी सगळी हत्तीपाशी, दाराकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्या नोकरीचंही तसंच आहे.

1961 साली आपल्या वांद्र्याचा एक तरुण फादर त्या दारातून आत गेला. हेच पुढचे कार्डिनल आयव्हन डायस. 1964 मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला येणार होते, त्या तयारीत त्यांचा हात होता. मग पोपच्या दूतावासांत नेमणुका: स्कँडिनेव्हिया, इंडोनेशिया, मादागास्कर. 1973 ते 82 व्हॅटिकनमध्ये टेबलावर: सोव्हिएत संघ, पोलंड, चीन, व्हिएतनाम, आफ्रिकेतले कितीतरी देश. नऊ वर्षं फायलीच, तुला नको असलेल्या! नंतर राजदूत म्हणून घाना, कोरिया, आणि 1991 मध्ये अल्बानिया.

अल्बानियाचं नीट वाच. तिथे 1967 पासून धर्मावरच बंदी होती. श्कोदर शहरातल्या कॅथेड्रलचं, बिशपांच्या मुख्य चर्चचं, क्रीडागृह करून टाकलं होतं. अशा देशात पोपचा राजदूत म्हणून जायचं आणि बिशप कुणाला करावं हे रोमला सुचवायचं. एरवी राजदूत गुप्त पत्रं पाठवून चौकशी करतो, तीन नावांची यादी तयार करतो. इथे धर्मगुरू उरले ते तुरुंग आणि छळछावण्यांतून सुटलेले म्हातारे. त्यातले एक फ्रानो इलिया. आधी मृत्युदंड, मग तो रद्द होऊन सुमारे 20 वर्षं कैद. 25 एप्रिल 1993 ला पोप दुसरे जॉन पॉल स्वतः श्कोदरला आले आणि त्याच कॅथेड्रलमध्ये त्यांनी चौघांना बिशपपदाची दीक्षा दिली. इलिया त्यांतले एक. त्या मिस्सेआधी, म्हणजे त्या उपासनेआधी, कुणीतरी नावं शोधली असतील, म्हाताऱ्यांसमोर बसून त्यांचं ऐकून घेतलं असेल, टिपणं लिहिली असतील. फायल म्हणतोस ती हीच.

किंमतही सांगतो, लपवत नाही. 1996 मध्ये डायस मुंबईचे आर्चबिशप होऊन परतले तेव्हा घर सोडून 35 वर्षं झाली होती. एवढ्या काळात शहर बदलतं, पॅरिशेस बदलतात, बरोबरीचे पांगतात. धर्मशिक्षणाच्या बाबतीत ते कडक होते. लोकांशी पटकन मिसळणारे होते असं मी म्हणणार नाही. आपला वसई धर्मप्रांत 1998 साली वेगळा झाला तो त्यांच्याच काळात. 2001 मध्ये ते कार्डिनल झाले, 2006 ला पुन्हा रोमला गेले, आणि 2017 मध्ये तिथेच वारले. आईवडिलांच्या आजारपणात, भावंडांच्या लग्नात तूही बहुधा नसशील. घरच्यांशी आधी बोल.

पॅरिशची ओढ आहे ना? पोप फ्रान्सिस यांनी 2020 मध्ये नियम केला की अकादमीच्या विद्यार्थ्याने एक वर्ष मिशनमध्ये काढायचं. ते वर्ष नावापुरतं उरकू नकोस.

बिशपांना हो म्हण किंवा नाही म्हण, पण 'बघतो' म्हणून लोंबकळत ठेवू नकोस. ते मला स्वतःला फार महागात पडलंय, भेटशील तेव्हा सांगेन.

रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर ये. माझ्याकडे इटालियनचं जुनं व्याकरण आहे, कडा वाळवीने खाल्ल्यात, क्रियापदं मात्र शाबूत आहेत. जाणार नसलास तरी घेऊन जा, कपाटात जागा होईल.

तुझा,
फादर