कोलोन की बॉन : वार्धक्य-संशोधनातील पीएच.डी.चा विचार करणाऱ्यांसाठी

पुण्यात एम.एस्सी. पूर्ण करून वार्धक्य आणि चेतापेशींच्या ऱ्हासाचे आजार या विषयात पीएच.डी.साठी जर्मनीत कोलोनला यावे की बॉनला, असे तुम्ही विचारले आहे. मी कोलोनमध्ये याच विषयात काम करतो. दोन शहरांत सुमारे ३० किलोमीटरचेच अंतर आहे. म्हणून शहराआधी प्रयोगशाळेत कोणत्या प्राण्यावर काम चालते ते पाहा, असे मी आग्रहाने सांगेन.

कोलोनमध्ये २००८ साली स्थापन झालेली माक्स प्लांक वार्धक्य-जीवशास्त्र संस्था आणि विद्यापीठाचे सेकाड हे वार्धक्याशी निगडित आजारांवरील संशोधन केंद्र एकाच रस्त्यावर आहेत. तेथे भर आहे तो प्रथिनांची घडण व विल्हेवाट, मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक) आणि इन्सुलिनसदृश संकेत अशा मूलभूत यंत्रणांवर. बॉनमधील डीझेडएनई ही चेतापेशींच्या ऱ्हासाच्या आजारांवरील राष्ट्रीय संशोधन संस्था रुग्णांच्या आणि त्यांच्या आजारांच्या अधिक जवळ आहे.

सी. एलिगन्स हा सूत्रकृमी दोन-तीन आठवडे जगतो. १९९३ साली अमेरिकी शास्त्रज्ञ सिंथिया केन्यन यांच्या गटाने दाखवले की, त्याच्या डॅफ-२ या एकाच जनुकातील बदलाने त्याचे आयुष्य दुप्पट होते. पुढे असेही दिसले की, डॅफ-२ ज्याचा भाग आहे तो इन्सुलिनसदृश संकेतमार्ग मंदावला तर अल्झायमरशी निगडित अमायलॉइड-बीटा या प्रथिनाचा विषारी परिणाम कृमीत उशिरा दिसू लागतो. वार्धक्य आणि हे आजार एकत्र का अभ्यासायचे, याचे याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही. पाठीचा कणा असलेला प्राणी हवा असेल, तर चार ते सहा महिनेच जगणारा टर्क्वाइज किलिफिश हा मासा कोलोनमध्ये वापरला जातो. उंदीर मात्र दोन-अडीच वर्षे जगतो आणि पीएच.डी.चा करार बहुधा तीन वर्षांचा असतो, शिवाय उंदरांवरील प्रयोगांची सरकारी परवानगी मिळण्यात महिने जातात. त्यामुळे मुलाखतीत ‘वयस्क उंदीर आज उपलब्ध आहेत का, आणि परवानगी आधीच घेतलेली आहे का?’ हे निःसंकोच विचारा.

मानवी पेशींवर काम करायचे असल्यास आणखी एक प्रश्न विचारावा : चेतापेशी कोणत्या मार्गाने बनवता? त्वचेच्या पेशींना प्रथम मूलपेशींच्या अवस्थेत नेऊन चेतापेशी बनवल्या, तर वयाच्या बहुतेक खुणा पुसल्या जातात. त्वचेच्या पेशींचे थेट चेतापेशींत रूपांतर केले, तर त्या बऱ्याच अंशी टिकतात. वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या गटाकडे याचे तयार उत्तर असायला हवे.

पगार बहुधा सरकारी वेतनश्रेणी ई-१३ च्या ६५ टक्के असतो आणि त्यातूनच आरोग्य विमा व निवृत्तिवेतनाची कपात होते. प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागते, सरकारी कचेरीत जर्मन लागते. भाड्याचे घर कोलोनमध्ये सहज मिळत नाही, तेव्हा करार हाती येताच संस्थेला त्याबद्दल लिहा.

पार्किन्सन आजाराशी निगडित अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्यांवरील तुमचे प्रबंधाचे काम पाहता, प्रथिनांच्या विल्हेवाटीवर कृमीत काम करणारा कोलोनमधील गट मी पहिल्या पसंतीला ठेवीन. मात्र रुग्णांच्या ऊतींवरच काम करण्याची ओढ असेल, तर बॉनला अर्ज करा.