दगडी की लोणारी?

नाशिकरोडच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "आजेसासूबाईंचा तांब्याचा बंब घासूनपुसून पुन्हा वापरात आणला. कोळसा घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, 'दगडी की लोणारी?' लोणारी म्हणजे लोणारहून आलेला का? आणि नुसतं 'कोळसा' म्हटलं तर मराठीत कोणता समजायचा?"

ताई, बंबासाठी लोणारीच घ्या. त्याचा लोणारच्या सरोवराशी संबंध नाही. लोणारी हा लाकडाचा कोळसा पाडणारा आणि चुन्याच्या भट्ट्या लावणारा समाज. नावाच्या मुळाशी मात्र मीठ असावं: सुवर्णकाराचा सोनार झाला, कुंभकाराचा कुंभार, तसा लवणकाराचा लोणार. लोणार गावाच्या नावातही तेच लवण सांगतात, म्हणून तुमचा गोंधळ साहजिक आहे.

तुमचा दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर काळाप्रमाणे बदललं आहे. जुन्या मराठीत कोळसा म्हणजे लाकडाचाच. त्याला विशेषण लागत नव्हतं, कारण दुसरा कोळसा घरात येतच नव्हता. 'कोळसा उगाळावा तितका काळा' ही म्हण घ्या. उगाळायचं ते सहाणेवर, चंदनासारखं. ज्याने ही म्हण पहिल्यांदा वापरली त्याच्या डोळ्यांसमोर चुलीतला, हाताला लागणारा हलका तुकडा होता.

आपल्या नाशिकच्या पायाखाली तर सगळा काळा बसाल्ट, लाव्हारसाचा खडक. त्यात कोळसा सापडत नाही. महाराष्ट्रातला खाणीचा कोळसा विदर्भात, चंद्रपूर-वणी-उमरेडकडच्या गोंडवन काळातल्या थरांत आहे. हा नवा कोळसा आगगाडी आणि गिरण्यांबरोबर लोकांच्या ओळखीचा झाला. तो दगडासारखा जड आणि कठीण, म्हणून लोकांनी सरळ 'दगडी कोळसा' म्हटलं. पुढे कारखान्यांमुळे त्याचाच इतका बोलबाला झाला की बातमीतल्या नुसत्या 'कोळसा' शब्दाचा अर्थ तोच होऊन बसला, आणि मूळच्या कोळशालाच 'लोणारी' किंवा 'लाकडी' अशी ओळख सांगायची वेळ आली. पाहुण्याने घर घेतलं आणि घरधन्याला दारावर नावाची पाटी लावावी लागली! इंग्रजीतही 'कोल' म्हणजे आधी निखारा किंवा जळकं लाकूडच होतं; खाणीतल्याला तिथे बराच काळ 'सी-कोल' म्हणत.

क्रियापदं हा भेद अजून नीट सांभाळतात. दगडी कोळसा खाणीतून 'काढतात'. लोणारी कोळसा 'पाडतात': लाकडं रचायची, पालापाचोळा आणि मातीने झाकायची आणि आत जेमतेम हवा जाऊ देत धुमसू द्यायची. पाणी आणि धूर होणारा अंश उडून जातो, उरतो तो बहुतेक कार्बन. म्हणून हा कोळसा पेटला की ज्वाळा आणि धूर कमी, धग मात्र टिकाऊ. दगडी कोळशात धुराचा अंश, राख आणि थोडं गंधकही असतं. बंबाच्या मधल्या नळकांड्यात तो घातलात तर काजळी धरेल आणि न्हाणीघरात उग्र वास कोंडेल.

बाळंतिणीची शेगडी, बाळाच्या धुरीचे निखारे, कोळशाची इस्त्री, सोनाराची बागेसरी ही सगळी लोणारी कोळशाची दुनिया. बागेसरी म्हणजे सोनाराची छोटी शेगडी; इतका देखणा शब्द आपण हरवता कामा नये. पण धूर नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. बंब किंवा शेगडी पेटलेली असताना खोलीची खिडकी उघडी हवीच.

दगडी कोळशाचं घर म्हणजे तुमच्या शेजारचं एकलहरे. तिथल्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. रेल्वेच्या वाघिणींतून आलेला कोळसा दळून त्याची पिठासारखी पूड करतात आणि ती हवेच्या झोताने बॉयलरमध्ये फुंकतात. तिथे निखारा हा प्रकारच नाही. मागे उरते ती उडती राख, विटा आणि सिमेंटमध्ये जाणारी. फाउंड्रीत आणखी तिसरं नाव ऐकाल: कोक. दगडी कोळसा हवेशिवाय सुमारे १,००० अंश सेल्सिअसला भाजून त्यातला वायू आणि डांबर काढून टाकलं की कोक होतो. म्हणजे लोणाऱ्याने लाकडाचं जे केलं, तेच इथे दगडी कोळशाचं करतात. कोकला मराठी प्रतिशब्द घडवायची गरज मला वाटत नाही, तो रुळला आहे.

पुस्तकांत 'खनिज कोळसा' आणि आता पाकिटांवर 'चारकोल' दिसतं. चूक काहीच नाही. पण ज्यांनी तो पाडला त्यांचं नाव ज्या शब्दात आहे, तो 'लोणारी' मी तरी सोडणार नाही.

आणि ताई, बंबात आधी दोन-तीन चिपाडं पेटवा, त्यावर कोळसा टाका. तो लाल झाला की आपल्याकडे 'निखारे फुलले' म्हणतात. पाणी त्यानंतर लवकर तापतं.