जुन्या सोल संगीताचा बाज असलेला नव्या पिढीचा एखादा अल्बम सुचवा. सुरुवात कुठून करू?

डोळे झाकून एमी वाइनहाऊस या ब्रिटिश गायिकेचा 'बॅक टू ब्लॅक' घ्या. २००६ साली आला तेव्हा बाई जेमतेम तेवीस वर्षांची, आणि आवाज असा की साठीतली कुणी गातेय वाटावं. तिचा पहिला अल्बम २००३ चा, तो जॅझकडे झुकलेला. हा मात्र थेट साठच्या दशकातल्या मुलींच्या गानचमूंकडे आणि मोटाउन या अमेरिकन सोल रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांकडे वळतो. एका गाण्याखाली तर १९६७ च्या एका मोटाउन गाण्याचीच चाल आहे.

अकरा गाण्यांपैकी सहांचा निर्माता मार्क रॉन्सन, पाचांचा सलाम रेमी. रॉन्सनने न्यूयॉर्कच्या डॅप-किंग्ज या वाद्यवृंदाला हाताशी धरलं. म्हणून ढोल मशीनचा नाही, माणसाचा वाटतो. शीर्षकगीतात मधेच सगळं थांबतं, नुसती घंटा वाजत राहते. तेवढं एकदा हेडफोन लावून ऐकाच.

इंग्रजी कळत नाही म्हणून अडू नका. सोल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांतून निघालेलं, त्यामुळे मुख्य गायक हाक देतो, मागचे झेलतात. तुळजापूरकडचा गोंधळ रात्रभर ऐकलेल्याला झीलकरी काय करतो ते सांगावं लागत नाही. हा अल्बम मी लातूरहून नांदेडला जाताना एसटीत पहिल्यांदा ऐकला, अहमदपूर कधी गेलं कळलंच नाही. गाणी तशी दुःखाची आहेत बरं का, पण पाय ठेका धरतातच.