थर्माकोलच्या पेट्या: सुरी खाली ठेवा, मग बोलू

ताई, तुमची पोस्ट वाचली. औषधाच्या पार्सलांबरोबर आलेल्या थर्माकोलच्या सतरा पेट्या पलंगाखाली साठल्या आहेत, टाकवत नाहीत, आणि आता त्या किसून कुंड्यांच्या मातीत मिसळाव्यात असा तुमचा विचार आहे. हे शेवटचं वाक्य नसतं तर मी काही न लिहिता पुढे गेले असते. पण हा उद्योग मी केलेला आहे आणि त्यातून निस्तरायला मला दोन वर्षं लागली. तेव्हा आधी सुरी खाली ठेवा.

आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन यायचं. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणून बोटभर औषधासाठी बादलीएवढी पेटी आणि तिच्यात तीन जेलच्या पिशव्या. वर्षाच्या झाल्या सव्वीस पेट्या. पांढऱ्याशुभ्र, कोऱ्या, झाकण कसं घट्ट बसणारं. अशी वस्तू कचऱ्यात टाकायला हात होत नाही हे मला तुम्ही सांगायला नको. अडतीस जमल्या तेव्हा नवरा म्हणाला, आता एक तर या राहतील नाही तर आपण.

मग मी पुनर्वापराचा माल घेणाऱ्या एका केंद्राला फोन केला. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तीनदा फोन केल्यावर एकदा उचलला गेला आणि उत्तर मिळालं, ‘धुऊन, वाळवून, लहान तुकडे करून आणा, जागा कमी लागते.’ मी कागदावर लिहूनसुद्धा घेतलं. पुढचे दोन रविवार आम्ही दोघं दातेरी सुरीनं पेट्या कापत बसलो. कधी कापली नसेल तर सांगते: दातेरी पातं ओढलं की थर्माकोल कापला जात नाही, त्याचे दाणे सुटतात. त्या घर्षणानं दाण्यांवर विद्युतभार येतो आणि ते केसांना, पडद्यांना, मांजराच्या पाठीला चिकटतात. झाडू मारला की उडतात, ओलं फडकं फिरवलं तरच हाती लागतात. नऊ पोती भरली.

पोती घेऊन केंद्रावर गेलो. खिडकीतल्या माणसानं एका पोत्यात हात घातला आणि विचारलं, ‘यावर खूण कुठाय?’ खूण म्हणजे त्रिकोणातला ६ चा आकडा, पॉलिस्टायरीनचा. तो पेटीवर एकाच जागी असतो, बहुतेक तळाला. अडतीस तळांचे तुकडे नऊ पोत्यांत कुठे शोधणार? अख्ख्या पेट्याच घेतो म्हणाला, चिकटपट्टी आणि लेबल काढलेल्या. फोनवर तुकडे करा असं कुणी सांगितलं? नाव मी विचारलं नव्हतं. लेखी आहे का? नव्हतं.

त्या माणसाचं चुकलं होतं असं नाही, हे आता कळतं. ही पेटी जवळपास ९८ टक्के हवा असते. गरम करून किंवा दाबून ती हवा काढतात आणि उरलेल्या प्लॅस्टिकच्या विटा करतात. त्यात भलत्या जातीचा फोम शिरला तर सगळा घाणा बिघडतो. माझा राग आहे तो फोनवरच्या माणसावर. मी पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.’ नोंद! नऊ पोती माझ्या गच्चीवर आणि नोंद त्यांच्याकडे. म्हणून सांगते, तुमच्या भागात कुणी घेत असेल तर जाण्याआधी एवढं लेखी मिळवा: अख्खी की तुकडे, पट्टीचा चिकटा चालतो का, रंगीत चालते का, आणि घेण्याचा वार कुठला. संदेशावरचं उत्तरही चालेल. तोंडी मात्र नको.

खरी चूक याच्या पुढची, आणि ती सर्वस्वी माझी. पोती परत आली, पाऊस तोंडावर होता, आणि कुठेतरी वाचलेलं होतं की थर्माकोलचा चुरा मातीत घातला की कुंडी हलकी होते आणि निचराही सुधारतो. म्हणून बारा मोठ्या कुंड्यांत चुरा मिसळला. पहिल्याच पाण्याला दाणे वर आले. येणारच होते. एक घनमीटर पाणी हजार किलोचं, आणि तेवढ्याच आकाराचा पेटीचा थर्माकोल १५ ते ३० किलोचा. माती कितीही दाबा, प्रत्येक पाण्याला चार दाणे सुटून वर येतात, वाळले की वाऱ्यावर निघतात, आणि मग शेजारच्या गच्चीत, पन्हळीत, गटारात. पक्षी ते टिपताना पाहिले तेव्हा पोटात कालवलं. शेवटी बाराही कुंड्या उपसल्या, माती पाण्यात कालवून वरचे दाणे चाळणीनं काढले. तरीही दोन वर्षं ते सापडत राहिले.

निचऱ्याचं म्हणाल, तर कुंडीच्या तळाशी तुकड्यांचा थर दिल्यानं निचरा सुधारत नाही. वरची बारीक माती पुरती भिजल्याशिवाय पाणी खालच्या भरड थरात उतरतच नाही. म्हणजे ओली माती तेवढीच राहते, फक्त मुळांच्या जवळ येते. हे दगडांना लागू आहे, खापऱ्यांना लागू आहे, थर्माकोललाही आहे. फार मोठी कुंडी हलकी करायचीच असेल तर तळाशी एक अख्खी छोटी पेटी उपडी ठेवा, जाड जाळीच्या कापडात बांधून. झाड काढाल तेव्हा ती जशीच्या तशी बाहेर निघाली पाहिजे.

थोडक्यात माझं मत (बाकीच्यांचं वेगळं असेल, मी काही यातली तज्ज्ञ नाही): या वस्तूची सगळी किंमत ती अख्खी असण्यात आहे. फोडलीत की हाती कचराच येतो, आणि तोही आवरता न येणारा.

आता अख्ख्या पेटीचं काय करायचं. आधी ती नक्की थर्माकोलचीच आहे ना ते बघा. कडेचा कपटा मोडून पाण्यात टाका. विरघळून चिकट लगदा झाला तर तो स्टार्चचा फोम, त्याची काळजीच नको. कपट्यात गोल दाणे दिसले तर आपला नेहमीचा थर्माकोल. दाणे नसलेला, पिवळसर, बोटानं भुगा होणारा असेल तर तो पॉलियुरेथेन, आणि तो थर्माकोलच्या ढिगात मिसळू नका.

लोक या पेटीला थंडीचीच पेटी समजतात. ती थंड काही करत नाही, फक्त उष्णतेची ये-जा अडवते, दोन्ही बाजूंनी. मी सगळ्यात जास्त वापरते ती शिजवायला. पातेलं चुलीवर उकळून पेटीत बंद करायचं आणि दोन-तीन तास विसरून जायचं. गवताच्या पेटीत लोक पूर्वी हेच करत. मात्र पहिल्या वेळी मी पातेलं थेट आत ठेवलं आणि तळाला त्याच्या आकाराचा गोल खळगा पडला. साधारण ऐंशी अंशांच्या पुढे हा माल मऊ पडायला लागतो. तेव्हा खाली लाकडी फळी, भोवती जाड टॉवेलचे दोन वेढे, आणि थर्माकोलचा अन्नाला स्पर्श नाही. बाहेर काढल्यावर पुन्हा एकदा उकळी आणायची. कोमट अन्नात जंतू वाढतात, यात सूट नाही.

गार ठेवायचं असेल तर मोकळी जागा शिल्लक ठेवू नका, चुरगळलेले कागद कोंबा. बर्फ वर ठेवा, कारण गार हवा खाली उतरते. वीज गेल्यावर फ्रीजमधलं सामान असं नीट टिकतं. पण जुन्या पेटीच्या भरवशावर औषधं ठेवू नका. कारखान्यातून येते ती पेटी, पिशव्यांची संख्या आणि मांडणी हे सगळं ठरावीक तासांसाठी तपासलेलं असतं, आपला अंदाज तसा नसतो. इन्सुलिन गोठलं तर वाया जातं, आणि ते गोठलेल्या पिशवीला टेकून राहिलं तर तसं होऊ शकतं. डॉक्टरला किंवा औषधवाल्याला विचारा, मला नको. कधी ड्राय आइस आला असेल तर तो उणे ७८.५ अंशांचा असतो आणि सरळ वायू होतो, म्हणून झाकण पट्टीनं बंद करायचं नाही आणि बंद खोलीत ठेवायचा नाही.

झाडांची हौस आहेच तर मातीऐवजी पाणी वापरून बघा. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांची पद्धत आहे, पंप लागत नाही. झाकणाला भोकं पाडून जाळीच्या छोट्या कुंड्या अडकवायच्या, खाली खत विरघळवलेलं पाणी, कुंडीच्या बुडाला जेमतेम टेकेल इतकं. झाड पाणी पितं, पातळी उतरते, वर उघडी पडलेली मुळं हवेतला प्राणवायू घेतात. पाणी संपत आलं म्हणून पुन्हा काठोकाठ भरलंत तर तीच मुळं गुदमरतात. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरा, कारण दाण्यांच्या फटींतून पाणी झिरपतं. आणि बाहेरून काळं कापड गुंडाळा. पांढऱ्या भिंतीतून उजेड आत जातो आणि पाणी हिरवं होतं.

थंडीत बाहेरच्या मांजरांसाठी घर करता येतं. एवढ्या एका कामासाठी मी पेटी कापते. साधारण पंधरा सेंटीमीटरचं दार, धारदार पातळ पातं ओलं करून एका ओढीत, करवतीसारखं मागे-पुढे नाही. आत गवताचा वाळका पेंढा भरा, कापड घालू नका. कापड ओल धरतं आणि मांजर जास्तच गारठतं. पेटी विटांवर उचलून ठेवा आणि झाकणावरही वीट ठेवा, नाहीतर वारा मांजरासकट नेईल.

रंगवायचं असेल तर पाण्यातला रंग, चिकटवायचं असेल तर पांढरा डिंक. फवाऱ्याचा रंग, थिनर, पेट्रोल, अॅसिटोन यांनी थर्माकोल विरघळतो. पेट्रोलमध्ये विरघळवून ‘घरगुती गोंद’ करा म्हणून व्हिडिओ फिरतात. घरात आगीचं भांडं कशाला भरून ठेवायचं? आणि जाळणं तर नकोच, तो काळा धूर विषारी असतो.

कुणीतरी तुम्हाला अळ्यांबद्दलही सांगेल. खरं आहे, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मीलवर्म अळ्या थर्माकोल खाऊन पचवतात असं दिसलं. शंभर अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम खातात. चारशे ग्रॅमची एक पेटी धरा आणि भागाकार करा. शंभर अळ्यांना एक पेटी साधारण तीस वर्षं पुरते. तुमच्याकडे सतरा आहेत.

म्हणून सतरापैकी चार चांगल्या ठेवा. झाकण आणि पेटी दोन्हींवर एकच आकडा टाका, एकीचं झाकण दुसरीला धड बसत नाही. उन्हात ठेवू नका, पिवळ्या पडून भुरभुरतात. आणि मुंग्या पोखरतात म्हणून भिंतीपासून लांब. उरलेल्या शोभेचे मासे पाळणाऱ्यांना विचारा. माशांच्या पिशव्या अशाच पेट्यांतून पाठवतात, त्यामुळे मला तरी कुणी नाही म्हटलं नाही. फोटो काढणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना मोठी झाकणं द्या, उजेड परतवायला पांढरा थर्माकोल उत्तम. आणि औषध पाठवणाऱ्यांना विचारा, दोन महिन्यांचं एकदम पाठवता येईल का, पेटी परत घेता का. मी हे सगळ्यात शेवटी विचारलं, अडतीस कापून झाल्यावर. एका फोनमध्ये माझ्या पेट्या निम्म्यावर आल्या.

जेलच्या पिशव्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याही साठल्या असणारच. फोडून बेसिनमध्ये ओतू नका. पुष्कळ पिशव्यांत सोडियम पॉलिअॅक्रिलेट असतं, पाणी दिसलं की फुगणारं. मी एक ओतली, वर नळ सोडला, आणि पाणी जितकं सोडावं तितकं ते फुगत गेलं. मिठानं ते पाणी सोडतं हे उशिरा सुचलं. घरातलं सगळं मीठ ओतलं, रात्रभर तसंच ठेवलं, तेव्हा कुठे सकाळी बेसिन मोकळं झालं.