३०० रुपये भरून मोकळं व्हायचं का?

प्रश्न : मी २५ वर्षांचा आहे, मूळचा बार्शीचा. सदाशिव पेठेत खोली घेऊन राज्यसेवेचा अभ्यास करतो. दोन महिन्यांपूर्वी आम्ही २२ जण विद्यापीठ रस्त्यावर रिझर्व्ह बँकेच्या कृषी बँकिंग महाविद्यालयाबाहेर पदपथावर निदर्शनं करायला उभे राहिलो. नोटा काढायचा मक्ता एका बँकेकडे नको, रुपयाला सोन्याचा आधार हवा, अशी मागणी होती. परवानगीसाठी ईमेल केला होता, उत्तर आलं नाही. मी पाचशेच्या नोटेच्या आकाराचं, त्याच करड्या रंगाचं एक पत्रक तयार केलं होतं. त्यावर ‘मी धारकास दरवर्षी थोडे थोडे कमी देण्याचे वचन देतो’ असं लिहिलं होतं, खाली माझं नाव आणि मोबाईल नंबर. ३०० प्रती छापल्या, त्यातल्या १८० उरल्या. शेवटच्या दहा मिनिटांत काही जण रस्त्यावर उतरले. आम्हाला गाडीत घालून नेलं, नाव-पत्ता लिहून घेऊन संध्याकाळी सोडलं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस आली आहे. त्यात भारतीय न्याय संहितेची कलमं २२३, २८५, १८२ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची ३७ व १३५ आहेत. एक हवालदार म्हणाले, ‘नोटांचा मामला आहे, जन्मठेप लागू शकते.’ माझे मामा कोर्टात बेलिफ होते. ते म्हणतात, ‘तारखेला जा, गुन्हा कबूल कर, ३०० रुपये भर, अर्ध्या तासात घरी ये.’ पोलीस छापखान्याचं नाव विचारत आहेत आणि छापणारा माझा मित्र आहे. काय करू?

उत्तर : मामांचं ऐकू नका. हवालदारांचं तर अजिबातच नाही. त्यांनी नसलेली भीती घातली आणि मामांनी असलेली भीती काढून घेतली.

आधी जन्मठेप. ती कलम १७८ मध्ये आहे, खोट्या नोटा बनवण्यासाठी. ‘खोटी’ या शब्दाची व्याख्या संहितेतच दिली आहे. त्या साम्यातून कुणाला फसवायचा हेतू हवा, किंवा कुणी फसेल याची जाणीव तरी हवी. ज्या कागदावर ‘दरवर्षी थोडे कमी देण्याचे वचन’ छापलंय, तो घेऊन वाण्याकडे कोण जाणार? नोटिशीत १७८ नाहीच, म्हणजे पोलिसांनाही ते माहीत आहे.

पण १८२ मात्र तुम्हाला चिकटतं. गंमत अशी की तुमच्या यादीतलं सगळ्यात किरकोळ कलम हेच आहे, आणि सगळ्यात टिकाऊही हेच. जुन्या दंडविधानात ते ४८९-ई होतं, दंड १०० रुपयांपर्यंत. आता ३०० झाला. कैद नाही. चलनी नोटेशी ‘कोणत्याही प्रकारे’ साम्य असलेला कागद बनवणं, कशासाठीही वापरणं किंवा कुणाला देणं, एवढ्यावर गुन्हा पुरा होतो. फसवण्याचा हेतू सिद्ध करायची गरज सरकारी वकिलांना नाही. आकार तोच, रंग तोच, मांडणी तीच. ‘ही चेष्टा होती’ हा बचाव इथे अर्धाच चालतो. लहान मुलांच्या खेळातल्या नोटा आणि लग्नाच्या वरातीत उधळायच्या नोटा तुळशीबागेत उघड विकल्या जातात, त्यांच्यावर कुणी गुन्हा नोंदवत नाही, हे कोर्टाला जरूर सांगू. पण दुसऱ्यावर कारवाई झाली नाही म्हणून आपण सुटत नाही.

म्हणजे मामांचा हिशेब पैशाच्या बाजूने बरोबर आहे. चूक दुसरीकडे आहे. गुन्हा कबूल करून ३०० रुपये भरले की तुम्हाला शिक्षा झाली. दंड हीसुद्धा शिक्षाच. ती पावती ट्रॅफिकच्या चलनासारखी नाही. उद्या निवड झाली की चारित्र्य पडताळणीसाठी साक्षांकन नमुना हातात येईल. त्यात कधी अटक झाली का, स्थानबद्ध केलं का, खटला चालला का, न्यायालयाने दंड केला का, दोषी ठरलात का, असे वेगवेगळे रकाने असतात. आज तुमच्याकडे फक्त एक प्रलंबित गुन्हा आहे. मामांच्या वाटेने गेलात तर अर्ध्या तासात (शिवाजीनगर कोर्टात अर्ध्या तासात पुकारासुद्धा होत नाही, ते असो) तुम्ही ‘दोषी’च्या रकान्यात जाऊन बसाल. शिवाय कबुली सगळ्या कलमांची घेतली जाते, एकट्या १८२ ची नाही. २२३ ला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. २८५ ला पाच हजारांपर्यंत दंड.

आणि जे २२३ तुम्ही कबूल करायला निघालात, ते कोर्टात उभंच राहू नये असं आहे. लोकसेवकाच्या आदेशाचा भंग हा तो गुन्हा, पूर्वीचं १८८. नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम २१५ सांगतं की ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला, त्याने, त्याच्या वरिष्ठाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या दुसऱ्या लोकसेवकाने लेखी फिर्याद दिल्याशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. पोलिसांचं दोषारोपपत्र पुरत नाही. जुन्या कायद्यात हेच कलम १९५ होतं, आणि ते बंधनकारक आहे असं सर्वोच्च न्यायालयाने सी. मुनिअप्पन प्रकरणात २०१० साली स्पष्ट म्हटलंय. तरी ठाण्यात सवयीने १८८ लावत आले, आता सवयीने २२३ लावतात.

याला आणखी एक पदर आहे. १८२ हा अदखलपात्र गुन्हा. एकटा असता तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता आला नसता. सोबत एक जरी दखलपात्र कलम असलं तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. इथे २२३ आणि २८५ ने ते काम केलं. त्यामुळे २२३ आणि २८५ पाडणं हे पहिलं काम. दुसरं, कॅलेंडर. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते, एक वर्षापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्याची एक वर्षाच्या आत. कलमं एकत्र असली की मुदत मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यावरून मोजतात. मोठं कलम गळालं तर लहान कलमाची मुदत उलटली का, हा युक्तिवाद खुला होतो. तुमचे दोन महिने झालेत. दोषारोपपत्र कधी येतं ते तुमच्या वकिलाने तारीख लिहून बघत राहावं.

आता पोलीस अधिनियमाचं कलम ३७. इथे मी तुमच्याकडून एक कागद मागेन : त्या दिवशी लागू असलेला मनाई आदेश. तो पोलीस आयुक्तालयाकडे माहिती अधिकारात मागा. आदेश ३७(१) खाली होता की ३७(३) खाली, यावर सगळं फिरतं. ३७(१) शस्त्रं, दगड, प्रतिमा मिरवणं, राज्याच्या सुरक्षिततेला बाधा आणणारे फलक, अशा गोष्टींसाठी आहे. त्याचा भंग केला तर १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि चार महिन्यांपेक्षा कमी द्यायची तर न्यायाधीशांना कारण लिहावं लागतं. ३७(३) जमावबंदीचं, त्याच्या भंगाला नुसता दंड. तुम्ही २२ जण फलक घेऊन उभे होतात, म्हणजे विषय ३७(३) चा. नोटिशीत नुसतं ‘३७’ लिहून पोटकलम गाळलंय. मुद्दाम गाळलंय असं मी म्हणत नाही, पण तपासी अंमलदारांना ते लेखी विचारा. ३७(३) चा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांच्या पुढे चालत नाही, तेव्हा तारखाही मोजा. आदेश लोकांपर्यंत पोचवला होता का, हेही बघायचं.

निदर्शनं करण्याचा तुमचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही. घटनेचं कलम १९ बोलण्याचा आणि शांततेने, निःशस्त्र जमण्याचा हक्क देतं. रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येतं, सरसकट बंदी घालता येत नाही, हे १९७२ च्या हिमतलाल शहा निकालापासून ठरलेलं आहे. मात्र वाहता रस्ता अडवून बसणं त्या हक्कात येत नाही, हे २०२० च्या शाहीनबाग निकालाने सांगितलं. तुमची पदपथावरची सगळी वेळ माझ्या दृष्टीने निर्धोक, ती शेवटची दहा मिनिटं नाहीत. विद्यापीठ रस्त्यावर संध्याकाळी दहा मिनिटं म्हणजे काय, हे रोज तिथून जाणाऱ्याला विचारा. तुम्ही स्वतः पदपथावरच होतात का? असाल तर २८५ तुमच्यावर नाही. मूळ व्हिडिओ असेल तर जपा. नोटीस आल्यावर फोनमधलं काहीही पुसू नका.

तुमच्या मागणीत शिरत नाही, पण एक सांगतो. सोन्याचा आग्रह काही वेडगळपणा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या जन्माआधी, भारताच्या चलनाची पाहणी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली होती, आणि रुपयाचं मोल सरकारच्या मर्जीवर सोडायला त्यांचा विरोध होता. तुमच्या पत्रकावरचं वाक्यही निव्वळ टोमणा नाही. २०१६ पासून रिझर्व्ह बँक कायद्यातच महागाईचं लक्ष्य ठरवायची तरतूद आहे. ते ४ टक्के ठरलं, खाली-वर २ टक्क्यांची मुभा ठेवून, आणि २०२१ मध्ये तेच कायम केलं. म्हणजे पैशाची किंमत हळूहळू कमी होणार, हे सरकारी राजपत्रातच आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एक फलक मात्र ‘रिझर्व्ह बँक खासगी आहे’ असं म्हणतो. ती १९३५ मध्ये भागधारकांची होती, १ जानेवारी १९४९ पासून राष्ट्रीयीकृत आहे. चुकीचं बोलणं गुन्हा नसतो, पण उलटतपासणीत लाज वाटते.

आता नोटीस. पोलिसांपुढे हजर राहायला सांगणारी, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. पण या मुद्द्यावर घरी बसू नका. ठाण्यात जा, कागदावरची प्रत मागा, तुमच्या अर्जावर पोच घ्या. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर कारण लिहिल्याशिवाय अटक करता येत नाही. हजर राहिला नाहीत तर तुम्हीच त्यांना कारण देता. एफआयआरची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावरून काढून घ्या. जबाबावर सही मागतील. तपासातल्या जबाबावर सही घेता येत नाही, हे नम्रपणे सांगा. वकील सोबत असला की हे वाक्य कमी वेळा म्हणावं लागतं.

मित्राच्या नावाचं अवघड आहे. १८२ च्याच दुसऱ्या पोटकलमात लिहिलंय की अशा कागदावर ज्याचं नाव आहे, त्याने पोलिसांनी विचारल्यावर छापणाऱ्याचं नाव-पत्ता सांगायचा. सबळ कारणाशिवाय नकार दिला तर वेगळा दंड, ६०० रुपयांपर्यंत. शिवाय कागदावर नाव असलं की तो तुम्हीच करवून घेतला असं गृहीत धरता येतं, उलट सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. तुम्ही स्वतःचं नाव आणि नंबर छापलात, म्हणून हे सगळं. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनेतला हक्क मित्राला वाचवायला कितपत ताणता येईल, याबद्दल मला शंका आहे. खोटं नाव मात्र चुकूनही देऊ नका, त्यातून याहून मोठा गुन्हा उभा राहील. मित्राला आजच सांगा, म्हणजे तो स्वतःचा वकील बघेल. मैत्री टिकायची तर त्याला हे तुमच्या तोंडून कळू द्या.

साक्षांकन नमुन्यात खरं लिहायचं : ताब्यात घेतलं होतं, गुन्हा नोंद आहे, क्रमांक अमुक. मुलं लपवतात आणि लपवल्यामुळे नोकरी जाते, मूळ गुन्ह्यामुळे नव्हे. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ गुन्ह्याचं उदाहरण देताना ‘तरुण वयात घोषणा देणं’ हेच दिलंय, आणि अशा बाबतीत माहिती दडवली गेली तरी नियुक्ती देणारा ती चूक माफ करू शकतो, असं म्हटलंय. करू शकतो, केलीच पाहिजे असं नाही. मग दडवायची कशाला?

पुढची वाट अशी की दोषारोपपत्र आलं तर आधी दंडाधिकाऱ्यांपुढेच २१५ चा अडसर मांडायचा. गुन्हा रद्द करायला त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात जाता येतं, पण त्यासाठी मुंबई गाठावी लागेल. कोल्हापूरला सर्किट बेंच झालं, पुणे त्यात नाही. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे निर्णय सरकार अधूनमधून काढतं, त्यावर लक्ष ठेवा पण विसंबू नका. आणि १८२ मध्ये दोषी ठरलातच, तर दंडाऐवजी १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली समज देऊन सोडण्याची विनंती करायची. त्याच कायद्याच्या कलम १२ मुळे शिक्षेपायी येणारी अपात्रता लागत नाही. मामांना बेलिफकीत हे कलम भेटलं नसावं.

राहिल्या खोलीवरच्या १८० प्रती. त्या जाळू नका आणि फाडू नका, पुरावा नष्ट केला म्हणून नवं कलम लागेल. पोलिसांनी मागितल्या तर मोजून द्या आणि पंचनाम्यात आकडा लिहून घ्या. तोवर गठ्ठा बांधून ठेवा. अभ्यासिकेतल्या कुणी पुस्तकात खूण म्हणून एक मागितलं तरी देऊ नका. ‘कशासाठीही वापरणं किंवा कुणाला देणं’, असं कलमात आहे.